गोलरक्षकाची जागा

नांदेडास हिवाळ्यांत श्रीगुरु गोविंदसिंगजी यांच्या नांवानें अखिल भारतीय हॉकीचे सामने होतात. एके वर्षीं आम्हीं विद्यार्थ्यांस ते दाखवावयास नेलें. परततांना एक अबोल मुलगा म्हणाला, "सर, मला पळतां येत नाहीं म्हणून गोलकीपर करतात. मी आतां खेळणार नाहीं."

आम्हांस एकदम उत्तर सुचलें नाहीं. कारण लातुरास शिकत असतां आम्हीं हेंच वडिलांजवळ बोललों होतों. शेवटच्या मिनिटास चेंडू आमच्या पायांमधून गेला, संघ हरला, आणि आम्ही आडवाटेनें घरीं गेलों. वडील इतकेंच म्हणाले, "उद्यां मैदानावर जा." आम्ही गेलों नाहीं.

त्या मुलास आम्हीं लिओ पिंटो यांची हकीकत सांगितली. १९१४ सालीं नैरोबीस जन्मलेले हे गोमंतकीय खेळाडू मुंबईंत हॉकी खेळले. महायुद्धामुळें १९४० व १९४४ चे ऑलिंपिक सामने झालेच नाहींत. १९४८ सालीं लंडनास ते गोल राखावयास उभे राहिले, तेव्हां त्यांचें वय ३४ होतें. उमेदीचीं वर्षें वाट पाहण्यांत गेलीं होतीं. रंगनाथन फ्रान्सिस हे त्या संघाचे दुसरे गोलरक्षक. भारतानें ५ सामन्यांत २५ गोल केले. भारतावर २ झाले. १२ ऑगस्ट रोजीं वेंब्लेच्या मैदानावर अंतिम सामन्यांत ब्रिटनचा ४-० असा पराभव झाला. स्वतंत्र भारताचें तें पहिलें सुवर्णपदक. त्या दिवशीं २ गोल करणारे बलबीर सिंग पुष्कळांस ठाऊक आहेत. त्या शून्याचा धनी कोण, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. पिंटो २०१० सालीं निवर्तले.

परंतु मुलांनो, ते दोन गोलहि विसरूं नका. जगज्जेत्या संघावरहि गोल होतो. जाळ्यांतला चेंडू काढून द्यावयाचा आणि पुन्हां आपल्या जागीं उभें राहावयाचें, हेंच गोलरक्षकाचें काम. तें आम्हांस जमलें नाहीं, हेंहि त्या मुलास आम्हीं प्रांजळपणें सांगितलें.

पालकांस विनंती एवढीच: मुलगा हरून घरीं आला तर किती गोल झाले हें आधीं विचारूं नये, दुसऱ्या दिवशीं त्यास मैदानावर धाडावें, आणि जमल्यास स्वतः सोबत जावें.

पुढील खेळाच्या तासास तो मुलगा खालीं बसून पायांस पॅड बांधीत होता. एक पट्टा त्यास आवळतां येईना. तो आम्हीं आवळून दिला.