चौदा हजार फोटो आणि एक क्लिक

गणपतीत लालबागची रांग पाहिलीय ना? आता त्यातली ढकलाढकली, घाम आणि आरडाओरडा वजा करा. उरते ती योकोहामाची रांग! १ मार्च २०२५, शनिवार. पासिफिको योकोहामाच्या अवाढव्य हॉलमध्ये सगळे शिस्तीत उभे. दर्शन कुणाचं, तर एका कॅमेऱ्याचं!

हे सीपी प्लस, २०१० पासून इथे भरणारं कॅमेऱ्यांचं प्रदर्शन. जर्मनीतलं कोलोनचं फोटोकिना २०१८ नंतर भरलंच नाही, त्यामुळे कॅमेरावेड्यांची वारी आता इकडे. मी एका कामासाठी टोकियोत आले होते. एक दिवस हाताशी होता. म्हटलं, चला!

खरं सांगू? मी काही कॅमेरावाली नाही. पण फोनमध्ये चौदा हजार फोटो आहेत. कॉफीचे, चपलांचे, ट्रॅफिकचे. आणि २०२४ मध्ये आजी गेली, तेव्हा पेपरात द्यायला तिचा एक धड फोटो सापडेना. शेवटी मामेबहिणीच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिचा चेहरा कापून घेतला. खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिला. तेव्हापासून 'आपण एक खरा कॅमेरा घ्यावा का' हा किडा डोक्यात वळवळत होता.

पाऊण तासाने नंबर लागला. समोर सिग्मा बीएफ! जाहीर होऊन अवघे पाच दिवस झालेले. बीएफ म्हणजे 'ब्युटिफुल फूलिशनेस', सुंदर वेडेपणा. आणि वेडेपणा आहेच. ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून बॉडी कोरायची, एकेका बॉडीला सात तास! मला तर वेरूळचं कैलास लेणंच आठवलं. व्ह्यूफाइंडर नाही. वर फ्लॅश लावायला जागा नाही. पट्ट्यासाठी एकच कडी. पाठीवर एक चकती आणि हातावर मोजण्याइतकी बटणं. सेन्सर मात्र फुल फ्रेम, २४.६ मेगापिक्सेलचा.

हातात घेतला तर गार, टोकदार कडांचा, पकडायला जरा अवघडच. पडला तर? या विचाराने तळहाताला घाम! पण एक गंमत झाली. खेळायला बटणंच नसल्यामुळे मी निमूट समोर बघायला लागले.

मागे सत्तरीचे एक आजोबा उभे होते. गळ्यात जुना फिल्म कॅमेरा, त्यावर ठेवलेले दोन्ही हात. मी खुणेनेच विचारलं, त्यांनी मान हलवली. थांबले. त्यांचा श्वास संथ झाला, बोटं सैल पडली... आणि क्लिक! स्क्रीन त्यांच्यापुढे धरला. ते हसले, कमरेत वाकले. मीही वाकले. आयुष्यातला माझा सगळ्यात बेस्ट फोटो!

आणि मग ट्यूब पेटली. पर्समधलं मेमरी कार्ड घालू कुठे? या कॅमेऱ्याला कार्डाची खाचच नाही. मेमरी आतच, २३० जीबी. फोटो बाहेर काढायचे तर वायर लावायला हवी आणि मागे तर रांग खोळंबलेली. कॅमेरा टेबलावर ठेवला नि निघाले.

बाहेर अंधार पडला होता. कॉस्मो क्लॉकचं जायंट व्हील लखलखत होतं. चालत बाशामिचीला गेले. हा जुना घोडागाड्यांचा रस्ता. इथे शिमोओका रेंजोचं स्मारक आहे. जपानच्या आद्य फोटोग्राफर्सपैकी एक, १८६२ साली योकोहामात स्टुडिओ थाटणारा. पुढच्याच वर्षी इथे आला फेलिस बीआतो. १८५७ च्या उठावानंतरचं लखनौ आणि दिल्ली टिपणारा तोच हा. त्या काळी परदेशी पाहुणे योकोहामाचे हाताने रंगवलेले फोटो आठवण म्हणून घरी न्यायचे. मी मात्र माझा फोटो इथेच सोडून चालले होते!

कॅमेरा घेतला का, विचाराल. छे हो! अमेरिकेत जाहीर झालेली किंमत १,९९९ डॉलर, तीही नुसत्या बॉडीची. फ्रीलान्सरने नुसतं हाताळून यावं.

पण घरी पोचल्यावर बॅगही न उघडता आईला गॅलरीतल्या खुर्चीत बसवलं. फोन काढला. "थांब गं, केस तरी नीट करू दे," ती म्हणाली. थांबले. केस झाले, पदर झाला, चष्मा काढून झाला, परत घालून झाला. मग ती माझ्याकडे बघून हसली.

एकच काढला.