तू सांग ना!

आमच्या होस्टेलचं ब्रीदवाक्य काय, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन – ‘तू सांग ना!’ चहा कुठे घ्यायचा? तू सांग. रविवारी रात्री मेस बंद, जेवायला कुठे जायचं? तू सांग. प्रोजेक्टचा टॉपिक? गाईड सांगतील. इलेक्टिव्ह? सीनियर सांगतील. इंजिनिअरिंग का घेतलं? बाबांनी सांगितलं! एकूण काय, पाण्यात आपण पडणार आणि उडी कुठे मारायची ते काठावरचे ठरवणार.

बारावीनंतरचे कॅप राउंडचे दिवस आठवून पाहा. पर्सेंटाइल हातात आला की घरात एकदम तज्ज्ञ उगवतात. एक काका म्हणतात, कॉलेज बघ, ब्रँच कुठलीही चालेल. दुसरे म्हणतात, कॉम्प सोडून काही घेऊ नकोस. शेजारच्या काकूंचा भाचा पुण्यात आयटीत, म्हणून त्यांचं मत सगळ्यात वजनदार! आणि त्या फॉर्ममधला पसंतीक्रम म्हणजे काही गंमत नव्हे. वर लिहिलेला पर्याय मिळण्यासारखा असेल तर खालच्यांकडे कुणी बघतही नाही. पहिल्या फेरीत पहिलीच पसंती लागली तर ‘पुढच्या फेरीत बघू’ म्हणायची सोय नाही. चार वर्षं कुठे आणि काय शिकायचं ते या क्रमावर ठरतं. तरीही कित्येकांचा फॉर्म दुसराच कुणीतरी भरतो.

माझ्या रूमपार्टनरचा त्याच्या मामांनी भरला. प्रेमानेच भरला, त्यांच्या माहितीप्रमाणे चांगलाच भरला. पण आता एम-थ्रीला केटी लागली की मामा, जर्नलवर सही मिळाली नाही की मामा, मेसच्या आमटीत मीठ जास्त झालं तरी मामाच! एकदा सबमिशनच्या आदल्या रात्री, दीड-दोनच्या सुमारास तो एकदम म्हणाला, “मला सिव्हिल घ्यायचं होतं रे.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“कुणी विचारलंच नाही.”

यावर काय बोलावं ते मला सुचेना. मामांवर खापर फोडणं सोपं आहे, पण मामांना तरी कसं कळणार? आणि एम-थ्रीचा पेपर द्यायला काही मामा येत नाहीत.

माझ्या घरी उलटा प्रकार. बाबा एसटीत मेकॅनिक. ते म्हणाले, “मला यातलं काही कळत नाही. फीचं मी बघतो, बाकी तुझं तू ठरव.” तेव्हा मला त्यांचा रागच आला होता. मित्रांचे वडील रात्र-रात्र कटऑफ चाळत होते आणि माझे डबा घेऊन डेपोला निघाले! शेवटी वहीत रकाने आखले – ब्रँच, फी, गावापासूनचं अंतर, मागच्या वर्षीचा कटऑफ. ओळखीच्या तीन सीनियरना तेच तेच प्रश्न विचारले. तिघांची तोंडं तीन दिशांना! तेव्हा कळलं, ठरवायचं आपल्यालाच आहे. मेकॅनिकल घेतलं. थर्मो डोक्यावरून जातं तेव्हा बोट दाखवायला कुणी सापडत नाही, मग मुकाट्याने पुस्तक उघडावं लागतं. स्वतः ठरवण्याचा हाच काय तो फायदा, पण तो लहान नाही.

आणि हे एकट्यादुकट्याचंच दुखणं नाही, अख्ख्या ग्रुपचंही असतं. जेरी हार्वी नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७४ मध्ये आपल्याच घरातला एक किस्सा लिहिला. टेक्सासमधल्या कोलमन गावी ते सासुरवाडीला गेले होते. भर उन्हाळ्याची दुपार. सगळे मजेत खेळत बसलेले. सासरे म्हणाले, अ‍ॅबिलीनला जेवायला जाऊ या. कुणी नको म्हटलं नाही. एसी नसलेल्या गाडीतून ५३ मैल गेले, बेचव जेवले आणि धूळ खात परत आले. मग उलगडा झाला की, जायचं कुणालाच नव्हतं! अगदी सासऱ्यांनाही नव्हतं. त्यांना वाटलं, बाकीचे कंटाळले असतील. आमच्या चौघांच्या ग्रुपचा प्रोजेक्ट टॉपिक अगदी अस्साच ठरतो.

याचा अर्थ कुणाला विचारूच नये असा नाही. पाय मोडला तर एक्स-रे डॉक्टरांनीच बघावा, तिथे आपलं स्वातंत्र्य नको! पण सल्ला विचारणं वेगळं आणि पेनच दुसऱ्याच्या हातात देणं वेगळं. पेन दिलं तरी पेपर आपल्यालाच लिहायचा असतो.

तर मित्रांनो, इलेक्टिव्हचे फॉर्म येतील तेव्हा सीनियरना विचारा, सरांना विचारा, घरी फोन करा. फक्त त्याआधी आपल्याला काय वाटतं ते एका ओळीत कागदावर लिहून खिशात ठेवा. सगळ्यांना विचारून झालं की तो कागद उघडा. मत बदललं असेल तर खुशाल बदलू द्या, पण का बदललं ते सांगता आलं पाहिजे. आलं, तर निर्णय तुमचा. नाही आलं, तर... मामांचा!