टूलबॉक्सच्या झाकणावरचे आकडे

आमच्या जुन्या ट्रॅक्टरच्या टूलबॉक्सचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेले दोन आकडे दिसतात : थंड 150, गरम 140. ते अक्षर चाचांचं आहे. सांगलीत नदीच्या अंगाला त्यांचं दहा बाय बाराचं दुकान होतं. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. आमच्या अख्ख्या पट्ट्यात ते चाचाच होते.

ट्रॅक्टर आप्पांनी 1984 साली घेतलेला, पस्तीस हॉर्सपॉवरचा. पुढचा लोडर त्याला बऱ्याच वर्षांनी बसवला. दोन जॅक हात उचलायला, दोन बकेट वळवायला, एक गिअर पंप, दोन लिव्हरचा व्हॉल्व्ह आणि तेलाची वेगळी टाकी. शेणखत, मुरूम, उसाच्या रानातली माती, सगळं त्याच्यावरच. आप्पांना अर्धांगाचा झटका आला आणि 2012 साली मी नोकरी सोडून गावी आलो, तेव्हा हा लोडर माझ्या गळ्यात पडला. तो आजारीच होता. भरलेली बकेट वर नेऊन लिव्हर सोडला की हात हळूहळू खाली यायचे. ट्रॉलीच्या फळीपाशी पोचेपर्यंत वीतभर उतरलेले असायचे.

किर्लोस्करवाडी आमच्या शेजारची. तिथे 1910 साली माळावर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून लेथ, पंप, बेअरिंग हे शब्द आमच्याकडे घराघरांत रुळलेले. त्यामुळे मिस्त्र्यांची वाण कधीच नव्हती. दोघांनी बघितलं आणि दोघांनी एकच सांगितलं, सील गेलेत. दोनदा सील किट बदलून झालं. पैसे गेले, ऐन हंगामाचे दिवस गेले, बकेट खाली यायची ती येतच राहिली. शेवटी आप्पा खाटेवरून, जड झालेल्या जिभेने म्हणाले, "चाचाला आण."

चाचा आले आणि पहिला तासभर त्यांनी एकही पाना हातात घेतला नाही. नुसते विचारत राहिले. सकाळी थंड असताना उतरतंय का दुपारी तापल्यावर? हातच उतरतात का बकेटसुद्धा पुढं झुकती? पंप रडतो का? तेलावर फेस येतो का? तेल शेवटचं कधी बदललं? मला निम्म्या प्रश्नांची उत्तरं येत नव्हती. "मग चालव अन् बघ, मी बसतो," म्हणाले आणि बांधावर बसले.

मग त्यांनी खडूने मडगार्डवर जॅकचं चित्र काढलं. एक लांब डबा, मधे पिस्टन, एका बाजूने बाहेर आलेला रॉड. "ह्यो बंद डबा हाय. दोन्ही बाजूला तेल, दोन्ही वाटा व्हॉल्व्हनं मिटलेल्या. आता हात खाली यायचा म्हंजे रॉड आत शिरायचा. रॉड आत शिरला की जागा खातो. तेवढं तेल कुठंतरी बाहेर गेलं पायजे का नको? तेल दाबून बारीक होत न्हाय. पिस्टनचं सील फाटलं तर तेल ह्या बाजूचं त्या बाजूला जाईल, पण डब्यातच ऱ्हाईल. मग हात उतरला कसा?"

शाळेत मी पास्कलचा नियम पाठ केला होता, गणितंही सोडवली होती. अडीच इंची जॅकच्या पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण 31 चौरस सेंटिमीटर. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दीडशे किलोचा दाब आला तर एकटा जॅक साडेचार टनांवर जोर लावतो. हे सगळं मला येत होतं, आणि तरी दोनदा सील किटचे पैसे मोजताना हा साधा प्रश्न मला पडला नव्हता.

त्यांनी तो तपासून दाखवला. हात पूर्ण वर नेले. त्यांच्या खाली लोखंडी अँगलचा टेकू दिला, इंजिन बंद करून लिव्हर मागे-पुढे हलवला आणि नळ्यांतला दाब सोडला. टेकू लागेपर्यंत त्यांनी मला जवळ फिरकू दिलं नाही. "उचललेल्या हाताखाली जायचं न्हाय. बापानं सांगितलं तरी जायचं न्हाय." मग जॅकच्या रॉडकडच्या बाजूची होज सोडली, तिचं तोंड बुचाने बंद केलं आणि जॅकचं भोक उघडं ठेवलं. मला इंजिन चालू करून लिव्हर उचलायच्या बाजूला धरायला सांगितलं. सील फाटलं असतं तर त्या भोकातून तेल आलं असतं. आम्ही दोघं बघत राहिलो. एक थेंब आला नाही. दुसऱ्या जॅकलाही नाही.

राहिला व्हॉल्व्ह. त्याच्या आतली दांडी इतकी घट्ट बसते की तिच्या आणि भोकाच्या मधे तेलाचा नुसता पापुद्रा मावतो. आमच्या दांडीवर उभे ओरखडे होते, नख फिरवलं तरी लागत होते. तिथूनच तेल टाकीकडे पळत होतं. ते कशाने झालं हे शोधल्याशिवाय चाचांनी नवा व्हॉल्व्ह आणू दिला नाही. टाकीवरचं हवेचं झाकण कधीतरी हरवलं होतं आणि तिथे फडक्याचा बोळा कोंबलेला होता. शेताची धूळ वर्षानुवर्षं त्या बोळ्यातून आत जात होती. तो बोळा आप्पांनीच कोंबलेला. चाचांनी तो माझ्या हातात दिला, आप्पांच्या खाटेकडे एकदा बघितलं आणि त्याबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही. आजही मला त्यांची दुरुस्ती आठवण्याआधी ते गप्प राहणं आठवतं.

त्याच दुपारी एका होजच्या वाकणावर तेलाची बारीक ओल दिसली. लोडर चालू होता. मी बोट फिरवून गळती कुठे आहे ते बघायला गेलो आणि चाचांनी माझ्या मनगटावर असा फटका मारला की हात बधिर झाला. त्यांनी स्वतःचा डावा हात पुढे केला. मधलं बोट दुसऱ्या पेरापाशी संपलेलं होतं. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून एवढ्या दाबाचं तेल आलं की कातडीतून आत घुसतं. वरून नुसतं टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि आत मांस सडत जातं. त्यांनी एक रात्र हळद लावून काढली होती. "असं कुणाला झालं तर त्याच घटकेला ऑपरेशनवाल्या डॉक्टरकडं न्यायचं. अन् गळती बघायची ती पुठ्ठा धरून." आणि खरंच त्यांच्या पिशवीत तेलाने काळा पडलेला एक पुठ्ठा होता. माझी दहा बोटं शाबूत आहेत ती या फटक्यामुळे. हे ऋण मी कशाने मोजू?

नवा व्हॉल्व्ह बसला, झाकण बसलं, तेल बदललं. शेवटी त्यांनी लाइनवर प्रेशर गेज लावलं आणि जॅक टोकाला भिडवून दाब वाचला. अर्धा तास काम करून तेल तापवलं आणि पुन्हा वाचला. "तापल्यावर तेल पातळ होतं. पंप झिजला की पातळ तेल त्याच्या आतल्या आतच मागं फिरतं. ह्या दोन आकड्यांतलं अंतर वाढलं की समजायचं, पंप म्हातारा झाला. रिलीफ व्हॉल्व्ह पिळून आकडा वाढवायचा न्हाय." तेव्हा झाकणावर ते दोन आकडे आले. त्यांच्याकडे एक वही होती, तिच्यातही लिहिले. पट्ट्यातल्या सगळ्या गाड्यांचे आकडे त्या वहीत होते.

मग 2019 चा ऑगस्ट. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. आम्ही जनावरं आणि माणसं काढली, ट्रॅक्टर राहिला. पाणी ओसरलं तेव्हा तो सीटपर्यंत गाळाने माखला होता, गल्ल्यांत गुडघाभर चिखल होता, आणि गावात त्या दिवसांत चालू शकेल असा दुसरा लोडर नव्हता. टाकीचा बोल्ट सोडला तर दुधाच्या चहासारखं तेल आलं. चालू करायचं नाही एवढं मला कळत होतं. पुढचं कळत नव्हतं. चाचांना फोन केला तेव्हा त्यांच्या स्वतःच्या दुकानाचं शटर अजून निम्मं पाण्यात होतं. तिसऱ्या दिवशी टेम्पोतून उतरले, दोन्ही हातांत 68 नंबरच्या तेलाचे डबे.

इंजिनचं काम वेगळं चाललं, त्यात दोन दिवस गेले. लोडरची मात्र त्यांनी घाई करू दिली नाही. टाकी रिकामी केली, प्रत्येक होज सर्वांत खालच्या टोकाला सोडली, जॅक रिकामे केले. कुणीतरी म्हणालं, डिझेलने धुऊन टाका. चाचा म्हणाले, डिझेलात पंप कोरडा पडतो. नवं तेल थोडंच भरायचं, इंजिन मंद ठेवून मोकळी बकेट या टोकापासून त्या टोकाला न्यायची, सगळं तेल काढायचं, पुन्हा भरायचं. दर खेपेचं थोडं तेल ते काचेच्या बाटलीत भरून रात्रभर देवळीत ठेवायचे. पहिल्या बाटलीत सकाळी तळाशी दोन बोटं पाणी होतं. दुसरीत नुसती रेघ. तिसरी त्यांनी उजेडाकडे धरून कितीतरी वेळ फिरवली आणि म्हणाले, "आता लाव कामाला."

पहिलं शाळेचं आवार काढलं. मग गल्ल्या. मी पैशाचा विषय काढला तर म्हणाले, "पैसा नको. माझ्या गल्लीत येशील का?" पंचवीस-तीस किलोमीटर ट्रॅक्टर चालवत नेला. त्यांच्या गल्लीतला गाळ उपसायला दोन दिवस लागले. दुकानात आत बकेट जात नव्हती, तिथे आम्ही फावड्याने काढला. त्यांची वही मिळाली, पानं एकमेकांना चिकटून वीट झालेली. ती त्यांनी माझ्या बकेटमध्ये टाकली आणि विचारलं, "तुझे आकडे हायत ना झाकणावर?"

दोन वर्षांनी चाचा गेले. त्या उपशाचे त्यांनी मला डिझेलचे पैसे देऊ केले होते आणि मी घेतले नव्हते. त्यांच्या मुलाचं आजही म्हणणं आहे की चाचांवर माझं देणं राहिलं. त्याला मी काय सांगणार?

गेल्या आठवड्यात गेज लावलं. जॅक टोकाला भिडवला, वाचलं, तापवलं, पुन्हा वाचलं. मग ऑइलपेंटचा डबा उघडून चाचांच्या ओळीखाली माझी ओळ लिहिली : थंड 145, गरम 115.