ऊन पाण्याचा हिशेब

सापगावच्या पुलाखालून वाहणारं भातसा नदीचं पाणी आमच्यापर्यंत पोचतं तेव्हा ते एकदा राबून आलेलं असतं. वर धरणाच्या पायथ्याशी १५ मेगावॉटचं जलविद्युत केंद्र आहे. तिथलं चक्र फिरवून ते नदीत उतरतं, आमच्या शेतांच्या कडेने पुढे खडवलीला जातं, पिसे इथे उचललं जातं आणि मुंबईच्या नळांत शिरतं. शहापूर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, सह्याद्रीच्या कड्याखाली चोंढे गावी तर याहून मोठं नवल आहे. वर अकोले तालुक्यात घाटघरचा जलाशय, खाली आमच्या शहापूरच्या हद्दीत चोंढ्याचा, आणि मधे डोंगराच्या पोटात वीजघर. विजेला मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं. मग दिवेलागणीला लाखो घरांत बटणं एकदम दाबली गेली की तेच पाणी खाली सोडायचं आणि २५० मेगावॉट वीज घ्यायची. २००८ पासून हे चाललं आहे. पाणी चढवायला जितकी वीज लागते तितकी ते उतरताना परत मिळत नाही. तरीही हा खटाटोप परवडतो, कारण संध्याकाळच्या विजेची गरज तेवढी निकडीची असते.

बिलावरचं ‘युनिट’ मला खऱ्या अर्थाने कळलं ते या डोंगरामुळे. हजार वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट, हे शाळेत पाठ केलेलं होतं. पण त्याचं वजन कधी हाताला जाणवलं नव्हतं. डोंगराच्या मापाने ते असं होतं: हजार लिटर पाणी ३६७ मीटर उंचीवरून उतरलं आणि त्यातली कणभरही शक्ती वाया गेली नाही, तर एक युनिट वीज होते. गच्चीवरची भरलेली टाकी सह्याद्रीच्या उंच कड्यावरून रिकामी करावी, तेव्हा बिलावर एकाचा आकडा उमटतो.

आता आंघोळीची बादली घ्या. पंधरा लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला सुमारे ०.३५ युनिट लागतं. म्हणजे त्या एका बादलीसाठी तेवढ्याच मापाच्या तेवीस-चोवीस बादल्या त्या कड्यावरून खाली यायला हव्यात. घरात माणसं पाच असतील आणि थंडीचे दिवस असतील, तर रोज सकाळी शंभरावर बादल्या. हे गणित पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी ते पुन्हा तपासलं, कारण खरं वाटेना. तेवढ्याच ०.३५ युनिटात नऊ वॉटचा एलईडी दिवा अडतीस तास जळतो. विहिरीतून सोळा मीटर उंच गच्चीवर हजार लिटर पाणी चढवायला, मोटर निम्म्याहून जास्त शक्ती वाया घालवणारी धरली तरी, पाव युनिटसुद्धा लागत नाही. पाणी उचलणं स्वस्त आहे, उजेड तर फारच स्वस्त झाला आहे. महाग आहे ती ऊब: हवी तेव्हा निर्माण करणं आणि नको तेव्हा घालवणं, दोन्ही.

आपण मात्र अजून दिव्यांवरच नजर ठेवून असतो. ‘दिवा मालव, बिल येईल’ हे घराघरातलं वाक्य साठ वॉटच्या पिवळ्या बल्बच्या काळातलं आहे, आणि त्या काळी ते खरंही होतं. तो बल्ब रोज सहा तास जळला तर महिन्याला जवळजवळ अकरा युनिटं खात असे; नऊ वॉटचा एलईडी दोनही खात नाही. २०१५ पासून ‘उजाला’ योजनेतून हे दिवे घरोघर स्वस्तात पोचले आणि ती लढाई बरीचशी जिंकली गेली. दिवा मालवावाच, पण ओरडायचं असेल तर बादलीत विसरलेल्या कॉइलवर ओरडावं. दीड हजार वॉटची कॉइल त्या बादलीचं काम चौदा मिनिटांत उरकते. पुढचा अर्धा तास ती पाणी नाहक तापवत बसते. (आणि पाण्यात बोट घालून बघण्याआधी प्लग उपटून काढायचा. या एका विसरण्यापायी माणसं गेली आहेत.)

ऊब कशी राखायची हे आमच्या आज्यांना ठाऊक होतं. चुलीला जोडून वैल असायचा. तव्याखालचा जाळ वैलाकडे सरकायचा आणि तिथे आमटी रटरटत राहायची, दूध तापायचं. भाताला कढ आला की गंज खाली उतरवून निखाऱ्यांवर ठेवायचा, वर झाकण, झाकणावर पाणी. उरलेलं शिजणं वाफेवर. रात्री विस्तव राखेत झाकून ठेवायचा, सकाळी फुंकर घातली की पुन्हा तयार. एक लाकूड तीन कामांना पुरवायचं कसब होतं ते. पण त्या कसबाचे गोडवे मला मोकळेपणाने गाता येत नाहीत. पाऊस लागायच्या आत रानातून सरपण आणायला डोक्यावर मोळी घेऊन कोसभर चालणारी बाई, धुराने लाल झालेले डोळे, खोकला हे सगळं त्या चुलीचं बिलच होतं, आणि ते ती एकटी भरत होती. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर ती आजही भरते आहे. गॅसची शेगडी आलेली असते, पण टाकी पुन्हा भरायला त्या महिन्यात पैसे नसतात. म्हणून चूल नको, पण वैलाची अक्कल हवी. डाळ-तांदूळ आधी भिजवावे. कुकरची पहिली शिट्टी झाली की आच बारीक करावी. पातेल्यावर झाकण ठेवावं. भात शिजत आला की पातेलं उतरवून जुन्या गोधडीत घट्ट गुंडाळावं, राहिलेला भात आपल्याच वाफेवर मुरतो. पुण्याच्या आरती या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली बनवलेला सराई कुकर याच अकलेवर उभा आहे: मूठ-दोन मूठ कोळशात, वाफेवर घरापुरता स्वयंपाक.

आंघोळीच्या पाण्याचीही सोय ऊनच करतं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी थंडीतसुद्धा दुपारनंतर कोमट झालेलं असतं. ज्यांना सकाळीच कामावर जायचं नसतं, अशा घरातल्या म्हाताऱ्यांनी आणि लेकरांनी तिन्हीसांजेच्या आत आंघोळ केली, तर कॉइलचं काम निम्म्यावर येतं. आसनगावला पहाटेची लोकल गाठणाऱ्यांना हे जमणार नाही. त्यांनी छपरावर सौर बंब बसवावा, पाऊस सोडला तर तो आमच्याकडे चांगला चालतो.

बिलाच्या कागदाबद्दल एक गैरसमज गावात फार पसरलेला आहे. शंभर युनिटांचा टप्पा ओलांडला की सगळीच युनिटं वरच्या दराने लागतात, असं लोक सांगतात. तसं नसतं. पहिल्या शंभरांना पहिलाच दर राहतो, पुढच्या तीनशेपर्यंतच्यांना दुसरा, मग पाचशेपर्यंत तिसरा. याचा फायदा कुणी सांगत नाही: आपण वाचवतो ते युनिट नेहमी आपल्या बिलातलं सगळ्यात महाग युनिट असतं. स्थिर आकार काही केलं तरी कमी होत नाही. पण वीज आकार, वहन आकार आणि त्यावरचं सोळा टक्के वीज शुल्क, हे सगळं त्या वरच्या युनिटाबरोबर खाली येतं. आता स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसा, नऊ ते पाचच्या वापरावर, सवलतही मिळू लागली आहे. चोंढ्याचा डोंगर जे करतो तेच आपण मोटर आणि धुण्याच्या यंत्रापुरतं करायचं. वेळ बदलायची.

पण खरा खर्च डोक्यावर असतो. वैशाखात सापगावात दुपारी स्लॅब इतका तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही, आणि ती धग रात्री बारापर्यंत खोलीत झिरपत राहते. मग पंखा चोवीस तास. जुना पंचाहत्तर वॉटचा पंखा असा महिनाभर फिरला तर एकट्याची चोपन्न युनिटं होतात. नवा बीएलडीसी पंखा तीस वॉटमध्ये तेवढाच वारा देतो आणि बावीसच्या आत राहतो. पंखा बदलावाच. तरीही तो गरम हवाच ढवळत असतो. कुडाच्या भिंतीचं, कौलारू, सारवलेल्या जमिनीचं घर एवढं तापत नसे, कारण कौलांच्या फटींतून हवा निघून जाई आणि ओटी-पडवीमुळे भिंतीला ऊन लागतच नसे. स्लॅबला पांढरा चुना दोन हात मारला तरी फरक पडतो. त्यावर बांबूचा मांडव करून पेंढा पसरला तर आणखी पडतो.

सौर पॅनेलचा गुण म्हणूनच मला दुप्पट वाटतो. एक किलोवॉटचा संच महिन्याला सरासरी सव्वाशेच्या आसपास युनिटं देतो, आणि २०२४च्या सूर्यघर योजनेत त्याला तीस हजारांचं, तीन किलोवॉटला अठ्ठ्याहत्तर हजारांचं अनुदान आहे. पण पॅनेल सावलीही देतं. ते वीतभर उंच, खालून वारा खेळेल असं बसवलं, तर ज्या स्लॅबमुळे पंखा अखंड फिरत होता तोच झाकला जातो.

हे सगळं सुचतं ते ज्यांच्याकडे स्लॅब, गच्ची आणि थोडी पुंजी आहे त्यांच्यासाठी. मला काळजी वाटते ती पाड्यांवर उभ्या राहणाऱ्या घरकुलांची. पंतप्रधान आवास योजनेत घर किमान पंचवीस चौरस मीटरचं. २०२३ पासून जनमन योजनेत आमच्याकडच्या कातकरी कुटुंबांना त्यासाठी दोन लाख मिळतात. कुडाच्या झोपडीतून पक्क्या घरात जाणं ही मोठीच गोष्ट आहे, साप-पावसाची भीती जाते. पण पश्चिमेची भिंत उघडी, डोक्यावर स्लॅब किंवा पत्रा, आणि खिडकी एकच अशी घरं मी पाहते, तेव्हा त्या कुटुंबाचं पुढच्या तीस वर्षांचं बिल तिथेच लिहिलेलं दिसतं. समोरासमोर दोन खिडक्या आणि पश्चिमेला चार हातांची पडवी एवढं झालं तरी ते बदलेल. ग्रामसभेत घरकुलाच्या याद्या वाचल्या जातात, हप्त्यांवर भांडणं होतात. त्याच बैठकीत पडवी-खिडक्यांचा विषय निघायला हवा, आणि गवंड्याला जोतं भरतानाच ते सांगायला हवं, कारण स्लॅब पडल्यावर खिडकीची जागा हलत नाही.