अलबेल्याचा हात

लोकप्रियता आणि लोकादर हे शब्द मराठीत बहुधा एकाच अर्थाने वापरले जातात; परंतु विनोदी नटाच्या बाबतीत त्यांच्यातले अंतर लक्षात घ्यावे लागते, कारण लोकप्रियता म्हणजे खेळ चालू असेपर्यंत मिळणारे प्रेम, तर लोकादर म्हणजे खेळ संपल्यावरही त्या माणसासाठी मनात राखून ठेवलेली जागा. भगवान आबाजी पालव, म्हणजेच चित्रपटसृष्टीचे मास्टर भगवान आणि मराठी माणसाचे भगवानदादा (१९१३–२००२), यांची लोकप्रियता, पैसा आणि धंदा हे सारे गेले, तरी लोकादर मात्र अखेरपर्यंत टिकला. तो कोणत्या गोष्टीकडे काणाडोळा करून टिकला, हे समजून घेण्यासाठी नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याकडे वळावे लागते.

गिरणी कामगाराच्या घरात वाढलेले भगवानदादा मूकपटांच्या अखेरच्या काळात पडद्यावर आले आणि १९३८पासून दिग्दर्शनही करू लागले. त्यांचा मुख्य प्रांत होता स्टंटपटांचा, म्हणजे मारामाऱ्या, उड्या आणि पाठलाग यांवर उभ्या असलेल्या, थोडक्या भांडवलात निघणाऱ्या आणि मुख्यतः कामगारवर्ग पाहत असलेल्या चित्रपटांचा. पुढे त्यांनी स्वतःची निर्मितीसंस्था काढली, चेंबूरला स्टुडिओ उभारला आणि राज कपूर यांनी सामाजिक चित्रपट काढण्याचा सल्ला दिल्यावर, असे सांगितले जाते, १९५१ साली ‘अलबेला’ काढला. सी. रामचंद्र यांचे संगीत, गीता बालीचा प्रसन्न वावर आणि गुबगुबीत अंगाच्या, नायकाच्या कोणत्याही साच्यात न बसणाऱ्या भगवानदादांचे नृत्य यांनी त्या वर्षी प्रेक्षकांना वेड लावले. ते नृत्य पावलांपेक्षा खांद्यांचे आणि हातांचे अधिक होते; हात अर्धवट वर जाई, मनगट जरा वळे, आणि एवढ्यावरच थिएटर हलू लागे. शरीराच्या इतक्या काटकसरीतून एवढा आनंद निर्माण करणारा दुसरा नट हिंदी पडद्याला क्वचितच मिळाला असेल.

पुढची घसरण सर्वश्रुत आहे. ‘झमेला’ (१९५३) आणि ‘लाबेला’ (१९६६) यांना ‘अलबेला’चे यश लाभले नाही, जुहूचा बंगला गेला, मोटारी गेल्या, आणि दादा दादरच्या चाळीत राहू लागले. इतरांच्या चित्रपटांत दोन मिनिटे तेच नृत्य करून दाखवणे एवढेच काम त्यांच्या वाट्याला आले. गणपतीच्या मिरवणुका त्यांच्या दारापुढे थांबून ‘अलबेला’ची गाणी वाजवत, ही आठवण मुंबईत आजही सांगितली जाते, आणि ती ऐकताना गळा दाटून येतो.

परंतु याच हाताची दुसरी एक हकीकत आहे. रेशमी व सुती कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी १९१६ साली येवल्यात जन्मलेली अंबा सगुण ही मुलगी ललिता पवार या नावाने मूकपटांची आणि नंतर बोलपटांची नायिका झाली होती. ‘दुनिया क्या है’ (१९३७) हा टॉल्स्टॉयच्या कादंबरीवरचा चित्रपट काढण्याइतकी तिची उमेद मोठी होती. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांनी तिच्या थोबाडीत मारायची होती. ती चपराक इतकी जोरात बसली की तिच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला, म्हणजे स्नायूंवरचा ताबा सुटला; जवळजवळ तीन वर्षे उपचार चालले आणि डावा डोळा कायमचा अधू राहिला. भगवानदादा नवखे होते म्हणून असे घडले, हे नेहमीचे स्पष्टीकरण टिकणारे नाही, कारण तोवर त्यांची दहा वर्षे या धंद्यात गेली होती. मात्र ती चपराक त्यांनी जाणूनबुजून मारली असे मानण्यालाही काही आधार नाही. स्टंटपटांच्या ज्या शाळेत नट स्वतःच उडी मारतो आणि मार जितका खरा तितका प्रसंग उठावदार मानला जातो, तिचाच संस्कार त्या हातावर असावा, हे अधिक संभवनीय वाटते.

चित्रपटाचा इतिहास सांगणारे मराठी लोक या अपघाताचा उल्लेख करतात तो ललिताबाईंचे नशीब फळफळले अशा सुरात: डोळा गेला म्हणून खाष्ट सासू मिळाली, आणि पुढे ‘रामायण’ मालिकेतली मंथराही मिळाली. हा सूर अन्यायाचा आहे. दादांचा बंगला गेला ही शोकांतिका आणि सव्विसाव्या वर्षी एका स्त्रीचे नायिकापद गेले ही मात्र इष्टापत्ती, हा हिशेब कोणत्या न्यायाचा? ललिताबाईंनी जे मिळवले ते त्या चपराकीचे देणे नव्हते. नाइलाजाने हाती आलेल्या दुय्यम भूमिकांना त्यांनी स्वतःच्या बुद्धीने आणि कष्टाने उंची दिली, आणि त्याचे श्रेय अपघाताला देणे म्हणजे त्यांचे दुसऱ्यांदा नुकसान करणे होय. भगवानदादांवरचे प्रेम त्यासाठी कमी करण्याची गरज नाही, पण त्यांची कहाणी सांगताना येवल्याच्या या मुलीची कहाणी तळटीप म्हणून उरकता येत नाही.

राज कपूर नायक असलेल्या ‘चोरी चोरी’त (१९५६) भगवानदादा एका लहानशा भूमिकेत दिसतात. तीन वर्षांनी आलेल्या ‘अनाडी’त त्याच नायकासमोर घरमालकीण मिसेस डिसा उभी राहते. ती भाड्यासाठी खेकसते, दार आपटते, आणि तो पाठमोरा होताच तिचा तो आकसलेला डावा डोळा मायेने भरून येतो.