पिकअपचा पिवळा दिवा



दिमोन्याला आमच्या मुलाची जुनी पिकअप आहे, पेट्रोलवर चालणारी. त्याचं बागकामाचं सगळं सामान तिच्यातूनच जातं. घराची चूल तिच्यावर. टेस्टची तारीख दहा दिवसांवर आली आणि नेमका इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मोसाखवाल्याने यंत्र लावलं, कोड निघाला पी ०१३५. "ऑक्सिजन सेन्सर गेला," म्हणाला. नवा बसवून सातशे शेकेल घेतले. तिसऱ्या दिवशी दिवा परत हजर! आता म्हणे गाडीचा कॉम्प्युटरच बदलू.

मुलगा त्या रात्री नीट जेवलासुद्धा नाही. आम्ही जन्म वॉर्डात काढलेला. मॉनिटर ओरडला की आधी पेशंटचा चेहरा बघायचा, मग बोटावरचा चिमटा आणि त्याची वायर. इथे वायर कोणी बघितली होती?

मुलांनो, हा सेन्सर धुराच्या नळीत बसतो आणि धुरात प्राणवायू किती उरला ते कळवतो. पण साधारण ३०० अंश तापल्याशिवाय तो नीट बोलत नाही, म्हणून त्याच्या पोटात छोटा हीटर असतो. आमच्या सेन्सरला चार वायरी, दोन हीटरच्या, दोन निरोपाच्या. पी ०१३५ म्हणजे हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड. सेन्सरच मेला, असं तो कोड म्हणत नाही.

आमचे हे तरुणपणी मुंबईत वायरमन होते, मीटर अजून जपून ठेवलाय. सकाळी इंजिन गार असताना नातू गाडीखाली शिरला आणि ह्यांनी वरून हुकूम सोडले. सेन्सरचा प्लग काढून चावी फिरवली. गाडीकडच्या टोकाला १२ व्होल्ट यायला हवेत, आले शून्य. फ्यूज उडालेला. नवा घातला, तोही लगेच गेला! म्हणजे वायर कुठेतरी लोखंडाला लागत होती.

नातू चाचपत चाचपत मागे सरकला. एक क्लिप तुटून वायर लोंबत होती, ती थेट धुराच्या नळीवर टेकलेली. प्लास्टिक वितळून तांबं उघडं पडलेलं. तेवढा तुकडा बदलला, वर उष्णता सोसणारं वेष्टण चढवलं, नळीपासून लांब बांधला. वीस शेकेलचं काम. दिवा गेला, टेस्ट पास झाली.

मग ह्यांनी जुन्या सेन्सरचा हीटर मीटरवर धरला. अगदी ठणठणीत! मुलगा मोसाखवाल्याशी भांडायला निघाला होता, आम्हीच अडवला. सेन्सर आता शंकरपाळ्यांच्या रिकाम्या डब्यात आहे. हे म्हणतात, लागेल कधीतरी.