पंधरा वॅट
१९५७ साली निघालेला क्वाडचा स्थिर-विद्युत लाउडस्पीकर माझ्याकडे आहे, एकटाच. दिसायला शेगडी, पण स्वारी भलतीच मानी! खर्जाकडे तिचा रोध तीस ओहमांच्या वर चढतो, तारसप्तकाच्या पार पलीकडे दोनावर येतो. तिथे लेचापेचा ॲम्प्लिफायर दमतो. दांडगा लावावा, तर ठिणगी उडून आतल्या पातळ पडद्याला भोक पडते. मित्र शंभर वॅटांचा आग्रह धरतात. मी मात्र त्याच घरच्या पंधरा वॅटच्या, व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरवर राहिलो आहे. प्रीॲम्पही त्याच घरचा; वीजसुद्धा त्याच्याकडूनच घेणारा. ढोलताशे या मंडळींना पेलवत नाहीत, हे खरे. पण मल्लिकार्जुन मन्सूरांची तबकडी लावली, की तानेआधीचा श्वास कानाशी येतो. शंभर वॅटवाले मित्र तेवढ्यापुरते गप्प बसतात.